हनीफभाईंची बारीक सुई

हनीफभाई लेकरांशी खोटं बोलत नसत.

दवाखान्यात हे वाटतं तितकं सोपं नाही. लहान मुलाचं रक्त घ्यायचं म्हटलं की आई खोटं बोलते, सिस्टर खोटं बोलते, डॉक्टरही बोलतात. काही नाही होत रे, मुंगी चावते. हनीफभाई खुर्ची ओढून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचे, दोन्ही हात काखेत घालून गरम करायचे आणि मूल काही विचारेपर्यंत गप्प राहायचे. मूल एकच गोष्ट विचारायचं.

"दुखन का?"

"दुखन," हनीफभाई म्हणायचे. "तीन मोजेलोक दुखन. मंग नाही. तुले येते मोजता?"

सिस्टर चिडायच्या. "अहो हनीफभाई, आधीच कायले भेव घालता? आता हे हात देईन का?"

"देईन. फसवलं तर आज देईन, उद्या नाही देणार. अन् मले उद्याही यायचं हाय."

आणि मूल हात द्यायचं. दरवेळी नाही, पण बहुतेक वेळा. तीन म्हणायच्या आत सुई नसेत गेलेली असायची. एखादं मूल रडता रडता विसरून पुढे चार, पाच मोजत राहायचं आणि हनीफभाई कापूस दाबून धरत म्हणायचे, "अबे थांब ना बाप्पा, का शंभरलोक जातं आता?"

यवतमाळच्या त्या मोठ्या दवाखान्यात आम्ही एकोणीस वर्षं एका प्रयोगशाळेत होतो. ते वॉर्डावॉर्डात फिरून रक्त घ्यायचे, मी आत मशीनवर. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मूळचे आर्णीचे, घरचे सगळे मोटारसायकली दुरुस्त करणारे, हेच एक दवाखान्यात आले. मी चार पिढ्या कचेऱ्यांत काढलेल्या घरातला. आमच्याकडे कागदावर जे लिहिलं ते खरं, असं मानायची सवय. त्या सवयीचा मी काय उपयोग केला ते पुढे येईलच. बरीच वर्षं ते कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

त्यांना लेकरं नावानं आठवत नसत, नसांनी आठवत. बाजारात एखादा मिशा फुटलेला पोरगा दिसला की ते मध्येच थांबायचे. "अबे, तू उजव्या कोपराचा ना? लई हुडकावी लागली होती तुही." पोरगा ओशाळायचा, त्याचे मित्र हसायचे. एकदा भाजीच्या दुकानात एका नव्या नवरीला ते म्हणाले, "बाई, तुह्या मनगटावरची अजून दिसते का तशीच?" तिचा नवरा बाह्या सरसावून पुढे आला. मीच मध्ये पडलो. ती पोरगी मात्र हसून म्हणाली, "अहो, हे हनीफचाचा आहेत. मी सहा वर्षांची होती तवा दर आठ दिवसाले माही बॉटल भरायचे."

बॉटल भरायचे! हनीफभाई तीन दिवस ते सांगून हसत होते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "रक्त मागून घ्याचं असते विनूभाऊ, हिसकून नाही." आणि मागायचं कशानं, तर बारीक सुईनं. मोठ्या माणसांची सुई ते मुलांना लावत नसत. सगळ्यात बारीक, प्लॅस्टिकचे दोन पंख असलेली, तीच लागायची. ती स्टोअरमध्ये नेहमी नसे. मग हनीफभाई स्टोअरकीपरच्या टेबलावरच जाऊन बसायचे.

"उठा ना हनीफभाई, तिथं माह्या फायली हायेत."

"म्हणूनच बसलो."

"सुया पुढच्या हप्त्यात येतात."

"मंग पुढच्या हप्त्यालोक बसतो. डब्बा इथंच पाठवाले सांगतो घरी."

तासाभरात कुठून तरी सुयांचं खोकं निघायचं. बारीक सुईनं वेळ जास्त लागतो, हात स्थिर लागतो. पिस्टन जोरात ओढला तर रक्तातल्या पेशी फुटतात. हनीफभाई तो इतका सावकाश ओढायचे की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस झोपला.

कोरोनाची मोठी लाट ओसरली आणि मग ती लेकरं यायला लागली. महिन्याभरापूर्वी घरात सगळ्यांना ताप येऊन गेलेला, मूल तेव्हा खेळत होतं. आणि आता अचानक पाच-पाच दिवस न उतरणारा ताप, डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ, पोटात कळा. काहींच्या हृदयावर सूज. तपासलं तर विषाणू सापडत नसे. त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी मात्र रक्तात भरपूर.

आरोही त्यांतलीच. राजूरची, सात वर्षांची. बाप कोळशाच्या खाणीत, आई वंदनाबाई पोरीच्या उशाशी. त्या बाईला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं ते तिला कळलं नव्हतं. हनीफभाई रक्त घ्यायला गेले तेव्हा मी नमुन्याचे कागद घेऊन बाजूला उभा होतो.

"भाऊ, कोरोना तर गेला म्हणतात. मंग हे काय होय?"

हनीफभाईंनी सुई हातातून खाली ठेवली. "बाई, मोहल्ल्यात चोर आला. सगळे काठ्या घेऊन निघाले. चोर पळाला. पण हे लोक अंधारात अजून काठ्या फिरवूनच राह्यले. अन् त्या लागते कोणाले? आपल्याच घरच्याइले."

"म्हणजे तिचं अंग तिलेच मारून राह्यलं?"

"तसंच समजा. डॉक्टर आता त्या लोकाइले शांत करणारं औषध देऊन राह्यले."

बाईनं पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "अन् ते काठ्या ठेवतीन कवा?"

"तेच पाहाचं हाय," हनीफभाई म्हणाले.

तेच खरोखर पाहायचं होतं. बालरोग विभागाच्या मॅडमनी एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेसोबत काम हाती घेतलं होतं. या मुलांच्या रक्तात अँटीबॉडी किती, कशा प्रकारच्या आणि किती दिवस टिकतात? त्यासाठी तीनदा रक्त घ्यायचं : दाखल झाल्यावर, घरी जाताना आणि सहा महिन्यांनी. तिसरं सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात कठीण. बऱ्या झालेल्या, अंगणात खेळणाऱ्या लेकराला नुसती सुई टोचून घ्यायला शंभर किलोमीटरवरून कोण आणणार?

मॅडमनी हनीफभाईंचा भरवसा धरला होता. घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला हनीफभाईच समजावून सांगत. आणि तिथेही खोटं नाही. "हे तुमच्या पोरीचं औषध नाही. ह्यानं तिले काही फायदा होईन असं मी म्हणत नाही. पुढच्या कोणाच्या लेकराच्या कामी येईन. पण सहा महिन्यानं जे निंघन, त्याचा कागद मी स्वतः घरी आणून देईन. कबूल?"

आया कबूल म्हणत. आरोहीच्या आईनं तर त्यांचा नंबर लिहून घेतला. तिला तो कागद हवा होता. काठ्या खाली ठेवल्या की नाही, एवढंच तिला वाचायचं होतं.

सहा महिन्यांनी काही मुलं यवतमाळला आली. मारेगाव, राजूरकडची येईनात तेव्हा हनीफभाई गेले. पहाटेच्या एसटीनं, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन. एका दिवसात अकरा घरं. शेवटी शनिवारी संध्याकाळी प्रयोगशाळेत आले. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, पण चेहरा असा, की वरातीतून आलाय माणूस.

"अकराच्या अकरा, विनूभाऊ. एकही रडलं नाही. आरोही तर म्हणे, चाचा, मी वीसलोक मोजतो." डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "सकाळपासूनचं हाय. आजच फिरवून घेजा."

फिरवून घ्यायचं म्हणजे नळ्या मशीनमध्ये घालून गरगर फिरवायच्या. पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहतं, ते सीरम. ते काढून डीप फ्रीजरमध्ये गोठवायचं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. ते रोजचं माझं काम होतं.

"हो, घेतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला मेव्हण्याच्या घराची वास्तुशांती होती. बायको-मुलं खाली गाडीत बसली होती. फोन दोनदा वाजून गेला होता. मी डबा उघडून पाहिला. बर्फ होता. मी स्वतःला सांगितलं, रात्रभर काही होत नाही, उद्या संध्याकाळी येऊन घेऊ. विसरलो असतो तर आज वेगळ्या तऱ्हेनं लिहिलं असतं. मी विसरलो नव्हतो. मी डबा टेबलाखाली सरकवला आणि दिवा घालवला.

रविवारी मेव्हण्यानं ठेवून घेतलं. सोमवारी सकाळी डब्यात कोमट पाणी होतं आणि त्यात नळ्या तरंगत होत्या. कुणी यायच्या आत मी त्या फिरवल्या. सीरम पिवळं निघालं नाही. अकराही नळ्यांत लाल, जांभळाच्या रसासारखं. पेशी फुटून गेल्या होत्या.

तरी मी ते छोट्या कुप्यांत भरलं, गोठवलं आणि रजिस्टरमध्ये शनिवारची तारीख आणि संध्याकाळची वेळ टाकली. अक्षर नेहमीसारखंच आलं. मला त्याचंही आश्चर्य वाटलं होतं.

महिन्याभरानं शहरातून निरोप आला, हे नमुने वापरता येत नाहीत. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"विनायकराव, अकराही लाल कसे? रजिस्टरमध्ये वेळ तर बरोबर आहे."

मला दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. मॅडम रागावल्या असत्या. एखादा मेमो आला असता. त्यापलीकडे काही झालं नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

"हनीफभाई फार बारीक सुई वापरतात, मॅडम," मी म्हणालो.

मॅडमनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं : रक्त घेतानाचा दोष.

दवाखान्यात येऊन गेलेल्या मुलांचं रक्तही त्यांनी त्याच सुईनं घेतलं होतं आणि ते चांगलं निघालं होतं. एवढं एक कुणी विचारलं असतं तर मी तिथेच अडकलो असतो. कुणी विचारलं नाही. रजिस्टरवर सगळ्यांचा विश्वास होता.

त्या दुपारी हनीफभाई माझ्याकडे आले. जेवणाचा डबा हातात तसाच, न उघडलेला.

"विनूभाऊ, खरंच सुईनं झालं?"

"बारीक सुईतून पेशी फुटतात, हनीफभाई. पुस्तकात आहे."

पुस्तकात होतंच ते. खोटं सांगण्यासाठी मला एक खरं वाक्य मिळालं होतं आणि मी ते त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणालो.

"पण मी तर सावकाश ओढतो."

"वय होतं माणसाचं. हाताला कळत नाही."

हे मात्र कुणी विचारलेलं नव्हतं. हे मी माझ्या मनानं जोडलं. ते वाक्य मला रजिस्टरपेक्षा जास्त छळतं. हनीफभाईंनी उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "असंन," म्हणाले. "असंन बाप्पा." आणि डबा न उघडताच वॉर्डाकडे गेले.

पुढच्या हप्त्यात त्यांनी मॅडमना अर्ज दिला : मुलांच्या वॉर्डातून काढा. मॅडमनी अडवलं, ते ऐकेनात. "लेकरांच्या रक्ताची नासाडी करणारा हात होय हा," एवढंच म्हणाले. त्यांना चिठ्ठ्यांच्या खिडकीवर बसवलं. नाव विचारायचं, वय विचारायचं, शिक्का मारायचा. लेकरू कडेवर असलेली बाई खिडकीशी आली की ते मान वर करत नसत. वॉर्डात नवा माणूस आला. त्याची सुई जाड होती आणि त्यानं नियमाप्रमाणे काम केलं. माझ्या खोलीपर्यंत मुलांचं रडणं यायचं. पूर्वी येत नसे, हे मला तेव्हा कळलं.

हनीफभाई त्या अकराही घरांत पुन्हा जाऊन आले, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. कागद देऊ शकत नाही हे फोनवर सांगता आलं असतं. कुणी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कामावरच्या माणसांनी न सांगितलेल्या किती गोष्टी लोक गप गिळतात. हनीफभाई रविवारच्या सुट्टीत एकेका गावाला जात आणि दारात उभे राहून सांगत, तुमच्या लेकराचं रक्त माह्या हातानं वाया गेलं, कागद येणार नाही, मले माफ करा. आत बोलावलं तरी बसत नसत. मारेगावकडच्या एका बापानं म्हणे त्यांना शिव्या घातल्या. "बरे झालेल्या पोट्ट्याले टोचून गेले, अन् आता म्हणता वाया गेलं?" हनीफभाई पूर्ण ऐकून घेऊन निघाले. हे त्या बापानंच नंतर एका तपासणीला आल्यावर मला सांगितलं. वर म्हणाला, "माणूस चांगला होता, पण हात गेला होता त्याचा." मी त्याच्या चिठ्ठीवर नंबर टाकला आणि पुढच्याला बोलावलं.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी भाषण केलं. ते काय बोललो, ते इथे लिहवत नाही.

मागच्या महिन्यात त्या कामाचा छापील अहवाल मॅडमनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. आनंदात होत्या. शेवटच्या पानावर आभार होते, त्यांत माझं नाव होतं. हनीफभाईंचं नव्हतं. आणि आत एका ओळीत, अकरा मुलांचे सहा महिन्यांनंतरचे नमुने रक्त घेतानाच्या दोषामुळे वगळले, असं छापलेलं. माझं वाक्य आता छापील झालं होतं. मी मॅडमना खुर्चीवर बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी अहवाल मिटवला. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय होणार, विनायकराव? लेखी द्या. आणि आधी तिकडे जा."

मी आर्णीला गेलो. हनीफभाई भावाच्या, सलीमच्या, गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते, पण मला पाहून तोच चेहरा, शनिवारचा.

"अरे विनूभाऊ! सलीम, हे पाह्य कोण आलं. एकोणीस वर्षाचे सोबती आमचे. काहून वाळले हो एवढे? वहिनी जेवाले नाही देत का?"

मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, बसलो असतो तर सांगता आलं नसतं. डबा, वास्तुशांती, सोमवार, रजिस्टर. सलीम एका मोटारसायकलच्या चाकाशी बसला होता, त्याचा पाना थांबला. हनीफभाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे सुईनं नाही झालं," ते अखेर म्हणाले.

"नाही."

"अन् हातानं?"

"तुमचा हात चांगला होता, हनीफभाई."

त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या अनोळखी माणसाची गोष्ट ऐकताना हलवतात. "मले एक डाव वाटलं होतं. का दवाखान्यात आलेल्या लेकराइचंही त्याच सुईनं घेतलं, ते काहून नाही बिघडलं? मंग मनात म्हटलं, विनूभाऊ खोटं कायले बोलतीन? त्याइले माह्याशी खोटं बोलाचं काय काम?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"कायचं भेव वाटलं तुम्हाले? नोकरीचं?"

"नाव खराब होईल असं वाटलं."

"हां," ते म्हणाले. "नाव." मग विचारलं, "आता पुन्हा घेता येते का त्या लेकराइचं?"

"नाही. सहा महिन्यांचं रक्त सहा महिन्यांनीच घ्यावं लागतं. आता त्यात काय होतं ते कधीच कळणार नाही."

"म्हणजे तो कागद गेलाच."

"गेला."

मला वाटलं ते शिव्या देतील. मी त्यासाठीच गेलो होतो, हे मला तिथे उभं असताना कळलं. शिव्या खाऊन, डोळे पुसून, जमलं तर चहा पिऊन परत यायचं. हनीफभाईंनी खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला आणि लावला.

"वंदनाबाई, मी हनीफ बोलून राह्यलो. बरी हाय ना पोरगी?... शाळेत गेली? बरं बरं. ऐका, इथं दवाखान्यातले एक साहेब आले हायेत. त्याइले तुमच्यासंग बोलाचं हाय." आणि फोन माझ्या हातात दिला. "सांगा. हिच्यानंतर अजून दहा हायेत. नंबर त्यातच भेटतीन."

मी सांगितलं. फोनवर सांगताना ते सगळं फार छोटं झालं, चार वाक्यांचं. तुमच्या आरोहीचं रक्त हनीफभाईंच्या हातून खराब झालं नव्हतं, मी वेळेवर काम केलं नाही म्हणून झालं. पलीकडे कुठेतरी कुकरची शिटी झाली. मग ती बाई म्हणाली,

"मंग ते भाऊ माह्या दारात हात जोडून कायले उभे होते?"

तिनं पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं. "सांगा ना. तुम्ही कुठं होते तवा?"

मी मान वर केली. समोरच्या खुर्चीवर हनीफभाई नव्हते. ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते आणि एका बंद दुकानाच्या सावलीत माझ्याकडे पाठ करून उभे होते. सलीम हात पुसत त्यांच्या मागे गेला होता. रस्त्यावर गाड्या होत्या, तरी मला त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"ते गेले का सांगजो मले," ते भावाला म्हणाले. "मंग येतो मी तिकडं."